दादा पडायचा तेव्हा

परवा नवतपा लागला. मे संपत आला की सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, आणि पुढचे नऊ दिवस नागपुरातलं माणूस आपल्याच घरात एका खोलीपुरतं उरतं. बेसाला आमचा तिसरा मजला. दुपारी बारानंतर खिडकीची काच हाताला सोसत नाही. खाली रस्त्यावर भाजीवाला नाही, कुत्रंसुद्धा नाही. सगळ्या घरांतून कुलरची एकसारखी घरघर तेवढी येत असते. त्या घरघरीत पुष्कळांना झोप लागते. मला मात्र तिच्यात दुसराच एक आवाज ऐकू येतो. बारीक, दातेरी, कोणी लांबवर शिलाईमशीन चालवत असल्यासारखा. तो माझ्या दादाच्या प्रोजेक्टरचा आवाज.

दादाला जाऊन आता दीड वर्ष होत आलं.

तो सरकारी प्रचाराच्या गाडीवर ऑपरेटर होता. गावोगाव जायचं, शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पडदा बांधायचा आणि सुधारित बियाण्याची, लसीकरणाची फिल्म दाखवायची. पण बियाण्याच्या फिल्मला गर्दी जमत नाही. म्हणून आधी दहा मिनिटांची एखादी मुकी, हसवणारी फिल्म लावायची अशी पद्धत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या, परदेशातल्या त्या फिल्मा. कोणीतरी केळीच्या सालावरून घसरतो, कोणाच्या तोंडावर पिठाचा गोळा बसतो, एक शिपाई धावतो आणि त्याच्यामागे दहा शिपाई धावतात. रामटेककडच्या धानाच्या गावांत ही माणसं कोण, कुठली, हे कोणालाच ठाऊक नसे. पण माणूस पडला की हसू सगळीकडे सारखंच फुटे.

पुढे टीव्ही आला, गाड्या बंद पडल्या, सामान लिलावात निघालं. दादाने प्रोजेक्टर घेतला आणि त्याच्यासोबत फिल्मांचे सात गंजके डबे. नागपुरातच, इंदोऱ्याच्या आमच्या जुन्या घरात मधली खोली होती. तिच्या एका भिंतीवर वंदनेच्या तसबिरी. त्या हलवायच्या नाहीत म्हणून त्याने समोरची भिंत घासूनपुसून पांढरीशुभ्र केली आणि तीच पडदा झाली. सुटीच्या दिवशी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून तिथे फिल्म सुरू होई. गल्लीतले लोक येत, विहारातून परतणारे येत. मी तर असायचीच. वहिनी आत पन्हं ढवळत असायच्या.

दादाचा एक नियम होता. फिल्म चालू असताना बोलायचं नाही.

"तो बोलून राहिला काय?" भिंतीवरच्या माणसाकडे बोट दाखवून तो म्हणे. "मंग तू काहून बोलतं वं?"

त्याचा दुसरा हट्ट गतीचा. प्रोजेक्टरवर एक खटका होता, तो मुक्या फिल्मसाठी खाली ओढावा लागे. नाही ओढला तर माणसं मुंग्यांसारखी तुरुतुरु पळत. पुष्कळांना तेच आवडायचं. दादाला आवडत नसे. "थे लोकं असे नव्हते पळत. आपण पळवतो त्यायले," तो म्हणायचा. "बराबर गतीनं पाह्य. मंग समजते, तो पडायच्या आधी किती इचार करते."

सात डब्यांपैकी सहातल्या फिल्मा जगाला माहीत होत्या. सातवीचा मात्र पत्ता लागत नव्हता. तिची सुरुवातच नव्हती, नाव असलेला तुकडा कधीचाच गळून गेला होता. फिल्म एकदम मधूनच सुरू होई. एक उंच, हडकुळा माणूस, अंगाला न बसणारा कोट, डोक्यावर टोपी, हातात चुन्याची बादली आणि खांद्यावर शिडी. लग्नघरी रंग द्यायला आलेला. पाहुणे जमलेत, वधूच्या जाडजूड बापाला घाई झालीय, आणि हा माणूस शिडी उभी करायला जागा शोधतो आहे. शिडी फिरते, पाहुणे वाकतात, पुन्हा फिरते, पुन्हा वाकतात. शेवटी तो चढतो. अगदी वर जातो. खाली पाहतो. टोपी काढून वधूला नमस्कार करतो, आणि नमस्कार करता करता शिडीसकट पाठीवर कोसळतो. चुना सगळ्यांवर. तो उठतो, कोट झटकतो, टोपी शोधतो आणि ती सापडायच्या आतच फिल्म तुटते. पुढे पांढरी भिंत.

हा माणूस कोण, हे शोधायला दादाने काय नाही केलं! फिल्मच्या चौकटींचे फोटो काढून पाठवले, पत्रं लिहिली, पुढे गल्लीतल्या पोरांकडून ईमेल करवले. जाणकारांकडून एकच उत्तर यायचं: ओळख पटत नाही. अशा शेकडो फिल्मा जळाल्या, सडल्या, चांदी काढायला वितळवल्या गेल्या. ज्यांचं नाव झालं ते मोजकेच राहिले. बाकीच्यांनी उभा जन्म आपटून घेतलं आणि त्याचा पुरावाही मागे उरला नाही. "तुमच्याकडची प्रत कदाचित एकच असेल," असं एकाने लिहिलं होतं. ते पत्र दादाने कितीतरी दिवस खिशात ठेवलं होतं. पण मला वाटतं, ती फिल्म दुर्मीळ आहे म्हणून त्याला प्रिय नव्हती. त्या माणसाला कोणीच ओळखत नाही, म्हणून तो आमच्या घरचाच झाला होता.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि दादा सतरा वर्षांचा. मी रडायला लागले की तो समजूत घालत नसे. बाहेर जायचा, अगदी गंभीर चेहऱ्याने आत यायचा आणि उंबऱ्याला अडखळून धाडकन पडायचा. पडल्यावर इकडेतिकडे पाहायचा, जसं काही जमिनीनेच चूक केली आहे. मी नाक पुसत हसायचे. मग तो पुन्हा पडायचा. ते फिल्मांच्याही आधीचं. तो कुठे शिकला कोण जाणे. आम्हा दोघांमध्ये हे कायमचं ठरून गेलं होतं: दादा पडणार आणि बेबी हसणार. माझ्या लग्नात, माझ्या परीक्षांच्या निकालांना तो पडला, आणि माझा नवरा गेला त्यानंतरच्या त्या मुक्या महिन्यातसुद्धा एकदा तो माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यासकट पडला होता.

तीन वर्षांपूर्वी मी बेसाचा हा फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला पन्नासेक माणसं होती. मेचा महिना, म्हणून जेवणात आमरस. दादा आतून आमरसाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून आणत होता. दाराशी त्याचा तोल गेला. पातेलं हवेत, रस भिंतीवर, पाहुण्यांच्या कपड्यांवर, आणि दादा फरशीवर उताणा.

मी टाळ्या वाजवल्या.

"वन्स मोअर!" मी ओरडले, आणि मग सगळी खोली हसली. दादा पडलेलाच होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची नव्हती, पण त्या वेळी मला ते कळलं नाही. मग तो एका कुशीवर वळला, हळूहळू उठला, शर्टावरचा रस बोटावर घेऊन चाटला आणि म्हणाला, "साखर कमी हाय." लोक हसून हसून खाली बसले. मी सगळ्यांत जास्त हसले.

त्यानंतर हिवाळ्यात वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "बेबीताई, तुमच्या भावाले दवाखान्यात न्या. माझं नाही आयकत. दोन वर्षं झाले, घडीघडी पडून राहिले. मोरीत पडले, बसस्टॉपवर पडले. कोणाले सांगू नको म्हणे."

"आणि माझ्या गृहप्रवेशाला?"

वहिनी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तवाबी."

डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दिव्यासमोर धरून दाखवलं. तोल सांभाळणारा लहान मेंदू आक्रसत चालला होता. आधी चाल जाईल, मग हात, मग बोलणं, मग गिळणं. औषध नाही. दादाने शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर मी रिक्षात त्याला म्हटलं, "तू मला सांगितलं का नाहीस? मी हसले रे, दादा."

त्याने रिक्षाचा दांडा घट्ट धरला. मग म्हणाला, "तू हासली म्हणून तर उठता आलं मले."

त्याने हे माझ्या समाधानासाठी म्हटलं की खरंच तसं होतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मला जो नवतपा आठवतो तो त्याच्या पुढचा. माझ्या शाळेला सुटी होती आणि वहिनींची अंगणवाडीची कामं संपत नव्हती. म्हणून रोज सकाळी अकराच्या आत डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी इंदोऱ्याला जायचे आणि दादाजवळ बसायचे. खोलीत खसची ताटी, ओल्या गवताचा वास, आणि त्या वासात मिसळलेला एक आंबट, नाकात शिरणारा वास. मला आधी वाटलं, लोणचं नासलं असेल. वास फिल्मांच्या डब्यांतून येत होता. फिल्म जुनी होऊन सडायला लागली की तिला सिरक्याचा वास येतो. ती आखडते, कडांना लहरी पडतात, मग प्रोजेक्टरच्या दातांत बसत नाही. तिला थंडावा लागतो. आणि आमच्या गावात बाहेर सेहेचाळीस!

दादाचे हात तेव्हा कापायला लागले होते. फिल्म ओवायचं काम मी शिकले. तो खाटेवरून सांगायचा, जिभेत अडकणाऱ्या शब्दांनी. "वरून... ढील सोड. एवढी नाही. आता दाताले लाव." माझा अंगठा गरम बल्बला लागला की तो हसायचा. त्याचं हसू मात्र अजून सरळ होतं.

त्या दुपारी आम्ही दोघंच असायचो. गल्लीतल्या लोकांचं येणं कमी झालं होतं. आजारी माणसासमोर पडणाऱ्या माणसाला हसायचं कसं, म्हणून असेल. मीही आधी हसत नव्हते. दादाला राग यायचा. "काहून वं, बेबी? त्याची काय चूक हाय?" मग मी हसायचे. आणि हसता हसता मला कळायला लागलं की या फिल्मा आपल्याला का धरून ठेवतात. त्यांतला माणूस पडतो, पण त्याचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही. एकदा "आई गं" ऐकू आलं असतं तर आपण उठून धावलो असतो. रामटेकजवळच्या एका गावात अशीच फिल्म संपल्यावर एक म्हातारी दादाकडे आली होती. "बाप्पा, त्या माणसाले लय लागलं असंन नं?" तिने विचारलं. दादा ही गोष्ट नेहमी हसत सांगायचा. त्या उन्हाळ्यात त्याने ती पुन्हा सांगितली तेव्हा हसला नाही. "एवढ्या वर्षांत," तो थांबत थांबत म्हणाला, "तिनं एकटीनं इचारलं."

आणि मला आठवलं, दादाही पडताना कधी ओरडायचा नाही. मोरीत पडला, बसस्टॉपवर पडला, पण आवाज काढला नाही. त्याने पुष्कळ वर्षं त्या मुक्या फिल्मा पाहिल्या होत्या.

त्याच दिवसांत दुसऱ्या गावच्या एका फिल्म जपणाऱ्या संस्थेतून मला फोन आला. दादाचा जुना ईमेल कोणाच्या तरी हाती लागला होता, त्यात माझा नंबर होता. बोलणाऱ्या बाईंचा आवाज तरुण होता आणि काळजीचा. "ती सातवी फिल्म आता चालवू नका. एकदाही नाही. प्रत्येक वेळी ती थोडी थोडी तुटेल. थंड जागी ठेवा आणि लवकरात लवकर आमच्याकडे पाठवा. वाचली तर आम्ही तुम्हाला नवी प्रत देऊ."

थंड जागा म्हणजे आमचा फ्रीज. वहिनींनी दह्याचं पातेलं खाली सरकवून डब्याला जागा केली. पण दादाला ते पटेना.

"एक डाव लाव," तो म्हणाला.

"दादा, त्या नाही म्हणाल्या. तुटली तर?"

"एक डाव."

"नवी प्रत येईल ना. चांगली, स्वच्छ. तेव्हा पाहू आपण."

"तवा मी असन काय?"

मी म्हटलं, असं बोलू नये. असं म्हणणं किती सोपं असतं. मी शिक्षिका आहे. मुलांना सांगते की जुन्या वस्तू जपल्या पाहिजेत. मला वाटलं, मी योग्य तेच करते आहे. एका माणसाचं अख्खं अस्तित्व त्या डब्यात होतं, जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं. ते दहा मिनिटांच्या हौसेसाठी मोडायचं? पण ती हौस नव्हती. समोर खाटेवरही एक माणूस होता, आणि त्याचीसुद्धा दुसरी प्रत नव्हती. हे मला आज सुचतं. त्या दुपारी सुचलं नाही.

दादाने भिंतीकडे तोंड केलं. तो दिवसभर बोलला नाही, पन्हंही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो जागा होता. फ्रीजकडे हात केला. हात लटपटत होता पण रोख बरोबर होता.

"ने," तो म्हणाला.

मी डबा कपड्यात गुंडाळून नेला आणि पाठवून दिला. त्या उन्हाळ्यातला तो शेवटचा दिवस, ज्या दिवशी दादाचा शब्द मला पहिल्याच वेळी कळला. पुढे त्याचं बोलणं विरघळत गेलं. पावसाळ्यात तो खुर्चीला खिळला, दिवाळीनंतर नळीने खायला लागला, आणि जानेवारीच्या थंडीत छातीत कफ भरून एका सकाळी गेला. पुण्यानुमोदनाच्या वंदनेला विहार भरला होता. ज्या ज्या गावी त्याची गाडी गेली असेल त्या गावचेही कोणी कोणी आले होते. एक म्हातारा माझा हात धरून म्हणाला, "तुमच्या भावानं आमाले लय हसवलं, बाई." मी मान हलवली. माझ्या डोक्यात एकच होतं: मी त्याला एक डाव दाखवली नाही.

संस्थेकडून मधूनमधून फोन यायचे. काम चालू आहे. अर्धी फिल्म चिकटली आहे. सुटते आहे. गेल्या महिन्यात एक छोटं पाकीट आलं, त्यात पेन ड्राइव्ह. सोबत चिठ्ठी, की नव्वद टक्के वाचली. पण नट कोण ते अजून कळलेलं नाही. पाकीट मी पुष्कळ दिवस फोडून तसंच ठेवलं. एकटीने पाहायची हिंमत होईना.

वहिनी आता उन्हाळ्यात माझ्याकडे राहतात. काल दुपारी जेवणं झाली, मी पडदे ओढले, कुलर थोडा कमी केला आणि टीव्हीला ते जोडलं. वहिनी ताटं उचलून आत निघाल्या होत्या. त्यांना वाटलं, मी बातम्या लावते आहे. चित्र उमटलं तशा त्या दारातच थांबल्या, हातात ताटं घेऊन.

काय स्वच्छ होतं ते! आमच्या भिंतीवर जे कायम पावसातून पाहिल्यासारखं दिसे, ते आज धुऊन काढल्यासारखं. पाहुण्यांच्या बटणांपर्यंत दिसत होतं. तो उंच माणूस आला, शिडी फिरली, पाहुणे वाकले. तो चढला, टोपी काढली आणि कोसळला. आणि उठताना, कोट झटकण्याच्या आधी, पापणी लवेल एवढाच वेळ, त्याचा हात कमरेवर गेला. चेहरा त्याने कॅमेऱ्यापासून फिरवला. मग परत फिरला तेव्हा तो पुन्हा विनोदी होता. आमच्या भिंतीवर हे कधी दिसलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत शेकडो वेळा पाहिलं असेल मी. मी मान खाली घातली.

तेव्हा मागून आवाज आला. मला आधी वाटलं, वहिनी रडताहेत. त्या हसत होत्या. ताटं टेबलावर टेकवून, भिंतीला पाठ लावून, पदर तोंडात कोंबून त्या हसत होत्या. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. दादा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. खरं तर असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

"बाई बाई," त्या धाप टाकत म्हणाल्या, "कसा पडला वं तो! हे पाहत होते काय तुम्ही दोघं रोज?"

"म्हणजे?" मी विचारलं. "तुम्ही पाहिली नव्हती?"

"मी कवा पाह्यली? तुमचा आवाज यायचा आतमंदी. लोकं हासायचे, तुम्ही हासायच्या, तुमच्या भावाचा आवाज तर सगळ्यायच्या वर. मी पन्हं करत राहो, गिलास धूत राहो." त्यांनी पदराने डोळे पुसले. बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मले कोणी म्हटलंच नाही बेबीताई, की ये, पाह्य."

त्यांच्या हाताखालची ताटं मी उचलली, आत नेऊन ठेवली, आणि खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी समोर मांडली. वहिनी संकोचत बसल्या, पाय वर घेऊन, लहान मुलीसारख्या.

"पुन्हा लावता येते काय?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून लावली.